पेशंटला काय सांगायचं, कधी आणि कसं: मराठवाड्यातल्या फिजिओथेरपिस्टसाठी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेशंट येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा दोन गोष्टी असतात. एक्स-रेचं पाकीट आणि सर्जनची चिठ्ठी, तिच्यावर ‘फिजिओ १० दिवस’ एवढंच लिहिलेलं. चिठ्ठी काउंटरवर दिली, पैसे भरले की पेशंट टेबलावर. कोणतं मशीन लागणार, कशासाठी, त्यातून काय बिघडू शकतं, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. सर्जनने सांगितलं असेल असं फिजिओ धरतो, फिजिओ सांगेल असं सर्जन धरतो. कायदा मात्र विचारतो तो उपचार करणाऱ्याला. ज्याचा हात पेशंटच्या अंगाला लागतो, सांगायची जबाबदारी त्याची. सर्जनच्या चिठ्ठीने ती टळत नाही.

दुसरा घोळ छापील फॉर्मचा. ‘सर्व धोके समजावून सांगितले, मला मान्य आहेत’ अशा एका ओळीखाली सही घेतली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. सही हा सांगितल्याचा पुरावा असतो. मुळात सांगितलंच नसेल तर तो पुरावा कशाचा, हा प्रश्न ग्राहक आयोगात पहिल्याच तारखेला विचारला जातो.

कायद्याचा पाया

भारतात या विषयावरचा मुख्य निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, २००८ चा समीरा कोहली खटला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईचं गर्भाशय आणि अंडाशय, ती बेशुद्ध असतानाच, तिच्या आईची संमती घेऊन काढलं गेलं. न्यायालयाने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. सज्ञान आणि सावध माणसाच्या जागी त्याच्या नातेवाइकाची संमती चालत नाही. आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, जीव वाचवण्याचा प्रसंग सोडून.

किती सांगायचं याचंही माप त्या निकालात आहे. उपचार काय आहे, कसा करणार, कशासाठी, त्याचा फायदा आणि परिणाम काय. दुसरे पर्याय कोणते. ठळक धोके कोणते. आणि उपचार नाकारला तर काय होईल. एवढी माहिती पेशंटला तोलून-मापून निर्णय घेता येईल इतकी पुरेशी हवी. अमेरिकेतली जास्त कडक कसोटी न्यायालयाने स्वीकारली नाही, त्यामुळे दुर्मीळातला दुर्मीळ, केवळ पुस्तकी धोका मोजून दाखवण्याची सक्ती नाही. पण अवास्तव भीती घालून गरज नसलेल्या उपचाराला राजी करणं हेही तितकंच चूक ठरतं.

हा निकाल डॉक्टरांच्या संदर्भातला आहे, फिजिओचं काय, असं विचारलं जातं. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने फिजिओथेरपिस्टला स्वतंत्रपणे तपासणी आणि उपचार करणारा व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. स्वतंत्रपणे उपचार करायचा म्हणजे संमतीही स्वतंत्रपणे घ्यायची, असंच धरून चालावं.

ग्राहक कायद्याकडे तर जास्त लक्ष द्यायला हवं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून पक्कं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत एक गोष्ट स्पष्ट लिहिली: ग्राहकाला हवी असलेली संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटी. पावती न देणं आणि पेशंटने विश्वासाने दिलेली खासगी माहिती बाहेर फोडणं हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, म्हणजे फिजिओच्या जवळपास प्रत्येक पेशंटला ती फुकट करता येते, वकील न लावताही. आणि आता तक्रार पेशंट जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. परळीच्या पेशंटवर लातूरला उपचार केले असतील तर बीडला जावं लागू शकतं.

फौजदारी गुन्ह्याची भीती मात्र फार बाळगू नये. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. पण भीती घालून किंवा गैरसमजात ठेवून घेतलेली संमती ही संमतीच नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये आहे. ‘मशीन लावलं नाही तर पाय कायमचा जाईल’ असं सांगून घेतलेला होकार याच कलमात अडकू शकतो.

पहिल्या दिवसाची दहा मिनिटं

आधी स्वतःची ओळख. नाव, पदवी, आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक. क्रमांक भिंतीवर लावलेला असावा आणि पावतीवरही. नावामागे ‘डॉ.’ लावण्याचा वाद कसाही मिटो, पेशंटला आपण फिजिओथेरपिस्ट आहोत हे पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे. मशीन लावायला सहायक येणार असेल तर तेही आधीच सांगा. कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थी उपचार करणार असेल तर ‘हे तिसऱ्या वर्षाला आहेत, मी शेजारी आहे, चालेल का’ असं विचारून पुढे जा. न विचारता विद्यार्थ्याच्या हाती पेशंट देणं ही संमतीतली मोठी भेग असते.

मग तपासणीत काय सापडलं ते. इथे आपली भाषा सोडून पेशंटच्या भाषेत यावं लागतं. ‘एल फोर एल फाइव्हला प्रोलॅप्स’ हे कागदावर ठीक. टेबलावर बसलेल्या काकांना सांगायचं, “मणक्यांच्या मधली गादी मागे सरकली आहे, ती पायात जाणाऱ्या नसेला टेकते, म्हणून मुंग्या येतात.” ‘तुमच्या मणक्यात गॅप आहे’ एवढंच सांगून थांबू नका. पेशंट ती फट बुजवायचं औषध शोधत गावोगाव फिरतो आणि दोन महिन्यांनी पाय ओढत परत येतो.

यानंतर उपचार, किती बैठका, प्रत्येकीचे पैसे, आणि किती बैठकांनंतर पुन्हा तपासणार. आकडा खुला ठेवू नये. ‘सहा बैठका करू, सातव्या दिवशी परत मोजू, फरक नसेल तर एमआरआय किंवा सर्जनकडे’ असं सांगितलं की पेशंटच्या हाती निर्णय राहतो. पॅकेजचे पैसे एकरकमी घेत असाल तर मध्येच सोडलं तर किती परत मिळतील, हे पैसे घेण्याआधी लिहून द्या. फिजिओथेरपीतल्या तक्रारी पैशाच्या या एकाच मुद्द्यावरून विनाकारण वाढतात.

‘शंभर टक्के बरं करतो’ हे वाक्य तोंडातून किंवा बोर्डावरून जाऊ देऊ नये. अर्धांगवायूनंतर हात किती परत येईल हे पहिल्या आठवड्यात कोणालाच सांगता येत नाही. आणि पेशंटला खरं काय आहे ते कळण्याचा हक्क आहे, आशेचं असो वा नसो.

पर्याय सांगताना बरेच जण अडखळतात, कारण त्यात आपलं नुकसान दिसतं. तरी सांगायचे: फक्त घरचा व्यायाम, औषध, ऑपरेशन, आणि काहीच न करता थांबणं. साध्या कमरेच्या दुखण्यात बरेचसे पेशंट काही आठवड्यांत आपसूक बरे होतात, हे लपवणं म्हणजे संबंधित माहिती दडवणंच.

शेवटी उलट विचारा. ‘समजलं का?’ याला मराठवाड्यात कोणीही ‘हो साहेब’ म्हणतं, कळलेलं असो वा नसो. त्यापेक्षा, “मावशी, घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, काय होणार आहे ते?” असं विचारलं की दोन वाक्यांत कळतं, काय पोचलं आणि काय गळलं. जे गळलं तेवढंच परत सांगा.

कोणत्या उपचाराला कोणता धोका

धोके सरसकट सांगून उपयोग नाही. ज्या मशीनचा, ज्या हाताळणीचा जो धोका, तो त्या वेळी सांगायचा.

शेक. हॉट पॅकचं पाणी ७० ते ७५ अंश सेल्सिअस असतं, टॉवेलच्या सहा ते आठ घड्या मध्ये लागतात, पंधरा ते वीस मिनिटं. आपल्याकडच्या पेशंटचा समज असा की जेवढा चटका तेवढा गुण. तो दात-ओठ खाऊन सोसतो, आणि कातडी भाजल्यावरच कळतं. म्हणून शब्द असे वापरा: “सोसायचं नाही. ऊब सुखाची वाटली पाहिजे. चटका लागला की लगेच हाक मारा, उशीर केला तर फोड येतो.” शुगरच्या पेशंटला आधी दोन परीक्षानळ्यांनी, एक गरम आणि एक गार, डोळे मिटून ओळखायला लावा. ओळखता आलं नाही तर त्या जागी शेक नाही, आणि का नाही तेही सांगा, नाहीतर तो घरी जाऊन तव्यावर तापवलेली विटकर लावतो. पाच मिनिटांनी पॅक उचलून कातडी बघायची आणि बघितल्याची वेळ लिहायची.

शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युत-चुंबकीय लहरींनी आतवर दिलेला शेक. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, शरीरातला रॉड-प्लेट-स्क्रू, गरोदरपण, कर्करोग, हे एकेक करून विचारायचं. ‘काही आजार आहे का?’ असा मोघम प्रश्न विचारला तर दहा वर्षांपूर्वी मांडीत घातलेला रॉड कोणी सांगत नाही, कारण तो त्यांच्या मते आजार नाही. घाम पुसायचा, धातू काढायचा. मान-खांद्याच्या डायथर्मीला मंगळसूत्र काढावं लागतं आणि इथे बरेचदा गाडी अडते. हुकूम सोडू नका. “बाई, यातल्या सोन्यावर आणि तारेवर उष्णता गोळा होते, गळ्याला भाजेल, म्हणून वीस मिनिटं काढायचं, तुमच्याच पदराच्या गाठीत बांधा, आम्ही हात लावत नाही,” असं सांगितलं की बहुतेक जणी स्वतःहून काढतात. नाही काढलं तर डायथर्मी करायची नाही, दुसरा उपचार द्यायचा आणि नकार नोंदवायचा.

आयएफटी, टेन्स आणि इतर करंटची मशीनं. मुंग्या येतील, टोचल्यासारखं किंवा भाजल्यासारखं वाटलं तर सांगा, पॅडखाली लाली येऊ शकते, तासाभरात जाते. पेसमेकर इथेही विचारायचाच. आपल्याकडे एक गोष्ट खास सांगावी लागते: लाईट जाणं. जुन्या डायलच्या मशीनमध्ये लाईट परत येते तेव्हा करंट त्याच ताकदीने एकदम बसतो. म्हणून लाईट गेली की थेरपिस्टने बटण शून्यावर आणायचं, आणि पेशंटला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, “लाईट गेली तर हलू नका, पॅड ओढू नका, आवाज द्या, मी येतोच.” हातात घंटी द्या, आणि ती बॅटरीवरची असू द्या.

ट्रॅक्शन, म्हणजे मणक्याला ओढ देणं. कमरेला सुरुवात साधारण वजनाच्या चौथ्या हिश्शाने, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५ किलो, आणि निम्म्या वजनाच्या वर नाही. सांगायचं असं: ताण जाणवेल, दुखणं पायात खाली उतरलं किंवा मुंग्या वाढल्या तर लगेच बटण दाबा. सोडल्यावर एकदम उठलं तर कळ येते, म्हणून पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. थांबवायचं बटण पेशंटच्या मुठीत असावं आणि एकदा दाबून बघायला लावावं.

हाताने सांधा मोकळा करणं (मोबिलायझेशन). दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, दोन दिवस राहू शकेल, हे न सांगितल्यामुळे जितके पेशंट सुटतात तितके दुसऱ्या कशाने सुटत नसतील. ‘तिथे गेलो आणि जास्तच दुखायला लागलं’ म्हणत ते थेट गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे जातात. साठीपुढच्या बायका, पाळी लवकर गेलेल्या, आणि ज्यांनी अंगदुखीवर वर्षानुवर्षं पुड्या किंवा इंजेक्शनं घेतली आहेत, त्यांची हाडं ठिसूळ असू शकतात. त्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता धरून चाला. जखडलेला खांदा जोराने फिरवताना हाड मोडू शकतं, हा त्यांच्यासाठी ठळक धोका आहे, आणि तो त्यांना सांगितलाच पाहिजे.

मानेचा झटका देऊन केलेलं मॅनिप्युलेशन. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन अर्धांगवायू होण्याचा धोका दुर्मीळ आहे. समीरा कोहली निकालाचा आधार घेऊन तो सांगायची गरज नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण परिणाम जन्माचा आहे आणि हलकी हाताळणी, व्यायाम असे सौम्य पर्याय हाताशी आहेत, त्यामुळे न सांगण्याचं समर्थन आयोगासमोर टिकवणं अवघड. आमचं स्पष्ट मत: सांगा, आणि पेशंट कचरला तर करू नका. केल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळायला त्रास, तोंड बधिर होणं यांपैकी काही झालं तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, घरी झोपून राहायचं नाही. हे लिहून द्या.

ड्राय नीडलिंग, म्हणजे औषध न घालता स्नायूत बारीक सुई टोचणं. प्रशिक्षण असेल तरच. रक्त, काळंनिळं होणं, भोवळ, हे सगळ्यांना सांगायचं. खांद्याच्या वरच्या बाजूला, पाठीला किंवा छातीला सुई घालताना फुप्फुसाला भोक पडू शकतं आणि दम काही तासांनी, पेशंट घरी पोचल्यावर लागू शकतो, हेही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे गोळ्यांची पाकिटं बघून ठरवा, तोंडी उत्तरावर नाही. नवीन सुईचं पाकीट पेशंटसमोर फोडा.

आयएफटीला दिलेला होकार सुईला चालत नाही. उपचार बदलला की सांगणंही नव्याने, भले दोन मिनिटांचं असो, आणि नोंदही नव्याने.

सांगायचं कोणाला

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मुलगा आणतो, बाईला नवरा किंवा सासू आणते, आणि सगळं बोलणं आणणाऱ्याशी होतं. पेशंट टेबलावर छताकडे बघत पडलेला. हे मोडायला लागतं. सासू शेजारी बसू दे, पण डोळ्यांत बघून बोलायचं ते पेशंटशी, आणि होकार तिच्या तोंडून घ्यायचा. नवऱ्याच्या सहीवर सज्ञान बायकोचा उपचार होत नाही. आजाराबद्दल घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हेही पेशंटलाच विचारा. तशी वेळ काढून सोबतच्यांना बाहेर बसवायला संकोचू नका.

अर्धांगवायूत वाचा गेलेल्या पेशंटला कळतच नाही, असं धरणं चुकीचं. अनेकांना समजतं, बोलता येत नाही. हो-नाहीचं चित्र, मान हलवणं, डोळे मिचकावणं यांनी होकार घेता येतो. तसा घेतला हे लिहा. समजच उरली नसेल तेव्हाच जवळच्या नातेवाइकाकडे जा, आणि का गेलात ते नोंदवा.

बारा वर्षांखालच्या मुलाची संमती न्याय संहितेला मान्य नाही, आई-वडील किंवा पालक लागतात. बारा ते अठराच्या मधल्यांच्या बाबतीत पालकाची सही घ्या आणि मुलालाही विचारा. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या इजेमुळे हालचाल बिघडलेल्या) मुलांचं स्ट्रेचिंग दुखतं. आईला ‘रडेल, पण इजा होणार नाही, आणि रडणं या थराला गेलं तर आपण थांबू’ असं थांबण्याच्या खुणेसह सांगा.

भाषेची नोंद विसरू नका. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या पट्ट्यात कन्नड, तांड्यांवर बंजारा बोली, शहरात दखनी उर्दू. दुभाषा म्हणून पेशंटचं शाळकरी पोर वापरू नये, विशेषतः बाईच्या कमरेखालच्या दुखण्यात. त्याच भाषेतली कर्मचारी किंवा प्रौढ नातेवाईक बाई शोधा आणि तिचं नाव लिहा.

हात कुठे लागणार

फिजिओथेरपीत स्पर्श हाच उपचार, त्यामुळे तो आधी सांगावा लागतो. कोणता कपडा बाजूला करायचा, हात कुठे ठेवणार, किती वेळ, आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबणार. माकडहाड, जांघ, छाती, ओटीपोट यांच्या बाबतीत प्रत्येक वेळी सांगून मगच हात लावा, पहिल्या दिवशी सांगितलं होतं म्हणून पाचव्या दिवशी गृहीत धरू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत पुरुष तपासत असेल तर स्त्री पेशंटसोबत दुसरी स्त्री असण्याचा हक्क आहे. कर्मचारी बाई नसेल तर पडदा अर्धा उघडा ठेवून सोबतच्या बाईला आत बसवा. कोणीच नसेल तर तो उपचार दुसऱ्या दिवशी.

व्हिडिओचंही तसंच. चालायला लागलेल्या पेशंटचा रील टाकण्याचा मोह होतो. उपचाराच्या संमतीत ती परवानगी येत नाही. कशासाठी, कुठे टाकणार, चेहरा दिसेल का, आणि उद्या काढून टाका म्हटलं तर काढणार, हे वेगळ्या कागदावर. व्यक्तिगत माहितीबाबतचा २०२३ चा कायदा याच दिशेने जातो.

ऊसतोडीला निघालेला पेशंट

बीड, जालना, परभणी, धाराशिव, इथून दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. असा पेशंट एकदाच येतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, जाणं टळत नाही. ‘तीन महिने आराम करा’ हे सांगणं निरर्थक आणि कायद्याच्या अंगानेही अपुरं, कारण नाकारल्याचा परिणाम आणि व्यवहारातले पर्याय सांगितलेच गेले नाहीत.

त्याला एका पानावर द्या: मोळी उचलताना काय टाळायचं, दोन व्यायाम, चित्र काढून, दिवसातून किती वेळा. आणि ठळक अक्षरांत, कोणत्या खुणा दिसल्या तर फडावरून थेट सरकारी दवाखाना गाठायचा: लघवी तुंबणं किंवा कळत न होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पावलातली ताकद जाणं. नस गंभीर दबल्याची ही लक्षणं असतात आणि उशीर झाला तर ती ताकद परत येत नाही. वाचता येत नसेल तर पेशंटच्याच फोनवर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून द्या. त्याच खुणा आपल्याच टेबलावर दिसल्या, किंवा ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर मशीन न लावता त्याच दिवशी पुढे पाठवायचं, का पाठवतो ते सांगायचं, चिठ्ठी द्यायची. अंबाजोगाई, नांदेडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीत चिठ्ठीशिवाय गेलेला पेशंट पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसतो.

मोफत शिबिरातही सांगण्याचं काम कमी होत नाही. सगळ्यांना फुकट असलेली सेवा ग्राहक कायद्याच्या बाहेर राहते, पण दिवाणी दाव्याचा रस्ता खुला असतो. शिबिरात फक्त तपासा आणि सल्ला द्या. मॅनिप्युलेशन आणि सुई शिबिरात नकोच, कारण शंभर माणसांच्या रांगेत सांगायला आणि नंतर बघायला वेळच नसतो.

नोंद कशी लिहायची

चांगली नोंद चार ओळींची असते आणि छापील नसते. उदाहरणार्थ: “१२ तारीख, सकाळी ११.१०. उजवा खांदा जखडलेला, शुगर ८ वर्षं. मराठीत समजावलं, सून हजर. मोबिलायझेशन, ६ बैठका, दोन दिवस दुखेल, हाड ठिसूळ असल्यास मोडण्याचा धोका सांगितला. पर्याय: घरचा व्यायाम, इंजेक्शनसाठी हाडांचे डॉक्टर. विचारलं: ‘देवदर्शनाला चालत जाऊ का?’ उत्तर: हो, पिशवी डाव्या हातात. स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं. होकार.” पेशंटने विचारलेला प्रश्न लिहिला की बोलणं खरंच झालं होतं हे दिसतं. फॉर्मवरच्या दहा छापील अटींना ते जमत नाही.

सही येत नसेल तर अंगठा, शेजारी ‘अमुक यांचा अंगठा’ असं लिहून, आणि साक्षीदार शक्यतो दवाखान्याबाहेरचा. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा घेऊन ठेवणं तर कधीच नाही.

नकारही असाच लिहा: काय नाकारलं, का, काय होऊ शकतं ते सांगितलं. नकार दिला म्हणून तोंड फिरवू नये, जो उपचार तो घेईल तो द्यायचा.

डॉक्टरांवर नोंदी तीन वर्षं ठेवण्याचं आणि मागितल्यावर ७२ तासांत प्रत देण्याचं बंधन २००२ च्या नियमांनी आहे. फिजिओने हेच माप स्वतःला लावावं. लहान मुलांच्या नोंदी मात्र त्यांना अठरा पूर्ण झाल्यावर पुढची तीन वर्षं ठेवा, कारण अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या बाबतीत दाव्याची मुदत सज्ञान झाल्यावर सुरू होते.

काही बिघडलं तर

समजा शेकाने फोड आला. मशीन बंद, पॅक दूर, भाजलेली जागा वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडायचा नाही. मग पेशंटला स्वतः सांगा: काय झालं, कशाने झालं असावं, आता काय करतो. ‘काही नाही, उष्णता बाहेर पडतेय’ ही थाप दोन दिवसांत उघडी पडते आणि साध्या अपघाताचं रूपांतर माहिती दडवण्यात होतं. परवानगी घेऊन फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. मशीनचं नाव, तापमान, घड्या, वेळ, कातडी कधी बघितली, सगळं त्याच तासात लिहा. डॉक्टरकडे स्वतः सोबत जा किंवा माणूस पाठवा, दुसऱ्या दिवशी फोन करा आणि फोन केल्याचंही लिहा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा.

आधीच्या नोंदीला हात लावू नका. काही राहून गेलं असेल तर खाली आजची तारीख आणि वेळ घालून ‘पुरवणी नोंद’ म्हणून लिहा. पेशंटने प्रत मागितली तर पुरवणीसकट द्या आणि दिल्याची पोच घ्या.